अळंबीच्या खोलीचा श्वास

थंडी पडली की आपण काय करतो? दारं लावतो. खिडक्या लावतो. भिंतीला भोक असलं तर त्यात चिंधी कोंबतो. माणसाला ऊब हवी, म्हणून हे सारं करतो. पण अळंबीच्या खोलीला असंच केलं तर काय होतं? ते आज पाहू.

धिंगरी अळंबी आता पुष्कळ गावांत करतात. १९६२ साली म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवण्याची रीत दाखवली. या पिकाला शेत लागत नाही. एक खोली, पेंढा किंवा गव्हाचं काड, बियाणं आणि पाणी एवढं असलं की झालं. काड भिजवायचं. गरम पाण्यात ठेवून त्यातले जंतू मारायचे. मग ते निथळून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थराथरानं भरायचं आणि मधे मधे बियाणं टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत काड पांढरंशुभ्र होतं. मग प्लॅस्टिक काढायचं. त्या गठ्ठ्याला बेड म्हणतात. त्यावर अंकुर फुटतात आणि छत्र्या येतात.

माझ्या धाकट्या भावानं जुन्या गोठ्याच्या खोलीत असे साठ बेड टांगले होते. तो आणि त्याची बायको, दोघं मिळून खपत होती. दिवाळीच्या सुमाराला पहिलं पीक आलं. छत्र्या तळहाताएवढ्या होत्या. दोघांना हुरूप आला. त्यांनी नवे बेड भरले.

पुढं पौषात थंडी वाढली. भावानं खिडक्यांना पोती ठोकली. माळवदाला साणं होतं, म्हणजे उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक. तेही त्यानं फरशी ठेवून बुजवलं. आठ-दहा दिवसांत पीक बिघडलं. देठ लांबलचक आणि छत्र्या चिमुकल्या. काही छत्र्यांवर पिवळे-तपकिरी डाग. हाताला बुळबुळीत लागायच्या. बाजारात गिऱ्हाईक हात लावीना.

भाऊ म्हणाला, “दादा, खोलीला गारठा लागतोय.” मलाही ते खरं वाटलं. मी काही बोललो नाही. त्यानं रात्री कोळशाची शेगडी पेटवून आत ठेवली आणि दार ओढून घेतलं. पहाटे भावजय पाणी मारायला आत गेली. तिचं डोकं जड झालं. पाय लटपटले. ती उंबऱ्यातच पडली. उंबऱ्यात पडली म्हणून वाचली. चार पावलं आत जाऊन पडती, तर आम्हाला कळलंही नसतं. तिला उघड्यावर आणलं, दवाखान्यात नेलं. तिथं प्राणवायू दिला, तेव्हा तिला बरं वाटलं.

खोलीला गारठा लागला नव्हता. खोलीचा दम कोंडला होता. हे आम्हाला उशिरा कळलं.

अळंबी श्वास घेते

अळंबी म्हणजे झाड नव्हे. ती एक बुरशी आहे. आपण श्वास घेतो तशी तीही घेते. प्राणवायू आत घेते आणि कर्बवायू बाहेर टाकते. रात्रंदिवस हे चालू असतं. वाढता वाढता ती थोडी ऊबही सोडते. भरलेल्या पिशवीला हात लावून पाहा, कोमट लागेल.

पिशव्या पांढऱ्या होईपर्यंत तिला कर्बवायूचा फारसा त्रास नसतो. पण छत्र्या येऊ लागल्या की तिला ताजी हवा हवी. खोलीत कर्बवायू साठला, तर देठ लांबतो आणि छत्री लहान राहते. लांब देठ दिसले की समजावं, अळंबी म्हणतेय, “मला हवा द्या.”

भिंतीला घाम का फुटतो?

गार पाण्याचा तांब्या भरून ठेवला की त्याला बाहेरून थेंब येतात. ते पाणी तांब्यातून झिरपत नाही. ते हवेतलं असतं. गरम हवा पुष्कळ वाफ पोटात ठेवते. गार हवेच्या पोटात ती मावत नाही. मग जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडते.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. आतली उष्णता २५ अंश असेल, तर त्या हवेत जास्तीत जास्त सुमारे साडेसहाशे ग्रॅम पाणी वाफ होऊन राहतं. तीच हवा १० अंशांवर आली, तर जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम राहतं. उरलेलं पाणी कुठं जाईल? भिंतीवर, छताला आणि छत्र्यांवर. ओल्या छत्रीवर जंतू वाढतात. तेच ते पिवळे डाग. म्हणून ही दमट हवा थंड होण्याआधीच बाहेर काढायची.

हवेला वाट द्या

गरम हवा हलकी असते. ती वर चढते. चुलीचा धूर आढ्याकडं जातो, तो म्हणूनच. तेव्हा एका भिंतीला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर भोक ठेवा. समोरच्या भिंतीला वर, छताजवळ दुसरं ठेवा. वरून गरम दमट हवा बाहेर जाते. खालून ताजी हवा आत येते. दोन्ही वाटा हव्यात. एकच भोक ठेवलं तर हवा नीट खेळत नाही. चिलटं येऊ नयेत म्हणून भोकांना बारीक जाळी लावा.

वीज असेल तर वरच्या भोकात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा. पण खालची वाट उघडी ठेवा. ती बंद ठेवून पंखा लावला, तर नुसता आवाज होतो आणि बिल वाढतं.

हवा खेळते की नाही हे कसं कळावं? उदबत्ती लावा. खालच्या भोकाजवळ धरली तर धूर आत ओढला गेला पाहिजे. वरच्या भोकाजवळ तो बाहेर गेला पाहिजे. धूर जागच्या जागी घुटमळला, तर वाट अपुरी आहे.

कधी उघडावं?

हिवाळ्यात रात्रभर उघडं ठेवू नका. दिवसा ऊन चढलं की, साधारण अकरा ते चार, वाटा मोकळ्या करा. तेव्हा बाहेरची हवाही उबदार असते. रात्री खालची वाट बंद करा. वरची चार बोटं उघडी राहू द्या.

इथं एक पेच आहे. हिवाळ्याची हवा कोरडी असते. ती आत येऊन तापली की ओल शोषते. मग छत्र्यांच्या कडा वाळून चिरतात. त्याला उपाय सोपा आहे. खालच्या भोकापुढं ओलं गोणपाट टांगा. जमिनीवर पाणी शिंपा. खोलीत २० ते २८ अंश उष्णता आणि शंभरात ८० ते ८५ ओल असावी. हे दोन्ही दाखवणारं लहान यंत्र मिळतं, ते घ्यावं. पाणी सकाळी ऊन आल्यावर मारा. छत्र्यांवरचे थेंब सुकेपर्यंत वाटा उघड्या ठेवा. संध्याकाळी छत्र्यांवर पाणी मारू नका.

शेगडी आत नेऊ नका

बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो. अळंबीची खोली असो की बाळंतिणीची, दार लावून आत शेगडी ठेवू नये. ऊब हवी असेल तर छतावर पेंढा घाला, भिंतीच्या फटी लिंपा. पण हवेची वाट लिंपू नका.

आणखी एक गोष्ट. धिंगरी पिकली की पिठासारखी बारीक भुकटी सोडते. ती रोज नाकात गेली तर खोकला, ताप आणि धाप लागते. म्हणून छत्रीची कड वर वळण्याआधीच ती काढा. आत जाताना नाका-तोंडाला मास्क लावा. नुसतं फडकं पुरत नाही. जाण्याआधी थोडा वेळ वाटा उघडा. खोलीतली हवा राहत्या घरात सोडू नका.

माझ्या भावानं साण्यावरची फरशी काढली. खाली भोक पाडलं. बिघडलेलं पीक गेलं ते गेलंच. पण त्याच बेडवर पुढची छत्री आली, ती रुंद आणि पांढरी. भावजय आता दार उघडल्याबरोबर आत जात नाही. थोडा वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहते. आधी खोलीला श्वास घेऊ देते, मग आपण आत जाते. तुम्हीही तसंच करा.