कडी बाहेरून लागली होती

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आळीत घरफोडी झाली. घरातली माणसं लग्नाला गेलेली. चोरट्यांनी आधी शेजारच्या चार घरांच्या कड्या बाहेरून अलगद लावून घेतल्या आणि मग त्या घराचा कडीकोयंडा उचकटला. पलीकडच्या काकूंना खुडबूड ऐकू आली होती. ‘म्हटलं, लग्नाहून आले वाटतं सगळे,’ असं म्हणून त्या कूस बदलून झोपल्या. सकाळी त्यांचं स्वतःचं दार उघडेना, तेव्हा काय झालं ते कळलं. ‘आम्ही उद्या येणार’ एवढं कुणी काकूंना सांगून गेलं असतं, तर त्या उठून ओरडल्या असत्या.

गावातली चोरी बहुतेक वेळा एवढी मोठी नसते. विहिरीवरची मोटार, बोअरची केबल, खळ्यावरची सोयाबीनची चार पोती, गोठ्यातली शेळी. केबल जाळून तांबं भंगारात जातं आणि शेतकरी म्हणतो, ‘एवढ्यासाठी तालुक्याला कोण हेलपाटे मारणार?’ मला हे पटत नाही. तक्रारच नसेल तर कुठल्या शिवारात, कुठल्या दिवसांत चोऱ्या वाढल्या ते ठाण्याला कळणार कसं आणि गस्तीची गाडी तिकडे वळणार कशी? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आता कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्यावी.

पूर्वी गावाच्या राखणीला जागल्या आणि वतनदार पाटील असत. १९६२च्या कायद्यानं त्या पाटलाचं पद संपलं आणि १९६७च्या ग्राम पोलीस कायद्यानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. गावात नवीन कोण राहायला आलं, बांधावरून कुणाची जुंपली आहे, हे ठाण्याआधी त्याला ठाऊक असायला हवं. ते त्याचं कामच आहे.

पण राखण करणारं गाव घाबरलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडावर बीड, पुणे अशा जिल्ह्यांत रात्री ड्रोन फिरू लागल्याची बोलवा उठली. चोर वरून घरं हेरतात म्हणे. पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन पहाटेपर्यंत जागी. त्यांचं जागणं चांगलंच. भीती असते ती रात्री दोनला अनोळखी गाडी थांबवली जाते आणि आतला माणूस घाबरून अडखळत बोलतो, त्या क्षणाची.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज कितीतरी दिवस मोबाइलवर फिरत होते. त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच भिक्षेकरी तिथे आले होते. जमावानं त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. गावोगाव भिक्षा मागत फिरणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि त्याच फिरण्याचा संशय आला.

म्हणून ग्रुपवर ‘संशयित फिरतायत, सावध राहा’ एवढंच टाकणाऱ्यावर माझा राग आहे. कुठे, किती वाजता, काय पाहिलं, कुणी पाहिलं? हे लिहिता येत नसेल तर मेसेज टाकू नये. पाहिलं असेल तर आधी ११२ लावावा, मग पोलीस पाटलाला उठवावं. माणूस अडवलाच तर बसवून ठेवावा, पाणी द्यावं, हात लावू नये. चोरी घरातली नसून फसवून फोनवरून पैसे गेले असतील तर १९३० लावावा आणि तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवले जाण्याची थोडीतरी शक्यता असते. गावात लाजेपायी लोक दोन-दोन दिवस बोलत नाहीत.

आमच्या आळीत आता कुणी परगावी निघालं की काकूंकडे डोकावून जातं. आणि काकू रोज रात्री झोपण्याआधी दाराच्या बाहेरच्या कोयंड्यात एक कुलूप अडकवून ठेवतात, म्हणजे ती कडी दुसऱ्या कुणाला लावता येत नाही.