प्रवरेच्या उगमाशी दोन रात्रींचा मुक्काम



पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या खांद्यावरचे जू उतरवतो, त्याला न्हाऊ घालतो, पुरणपोळी चारतो आणि त्या दिवशी औताला हात लावत नाही. जनावरालाही विसावा लागतो, हे आपल्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. पण त्या बैलामागे चालणारा माणूस आणि त्याच्याही आधी तासभर उठून चूल पेटवणारी त्याची कारभारीण, यांचा पोळा कोणत्या तिथीला येतो? पंचांगात तो सापडत नाही.

विस्ताराच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना एक गोष्ट मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. लग्नकार्य, मयत, दवाखाना आणि देवाची यात्रा या चार कारणांखेरीज शेतकरी कुटुंब घराबाहेर रात्र काढत नाही. यात्रेलाही गर्दीत उभे राहायचे, दर्शन घ्यायचे आणि धारेच्या वेळेपर्यंत घर गाठायचे. याला विसावा म्हणता येणार नाही. म्हणून आज खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून एका मुक्कामाची माहिती देत आहे. तेथे देऊळ आहे, डोंगर आहे, पाणी आहे आणि शांतताही आहे. शिवाय शेतकऱ्याने पाहावी अशी शेतीही आहे.

कोठे आहे हे ठिकाण?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. अकोल्याहून राजूर आणि राजूरहून भंडारदरा धरणाच्या पायथ्याचे शेंडी गाव लागते. शेंडीहून जलाशयाच्या कडेकडेने सुमारे वीस किलोमीटर गेले की रस्ता रतनवाडीत पोचतो. नाशिक-मुंबईकडून येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटीमार्गे शेंडी गाठावी. शेंडीपर्यंत एस.टी.ची सोय आहे. पुढे जीप ठरवावी लागते, म्हणून दोन-तीन कुटुंबांनी मिळून जाणे परवडते.

रतनवाडीच्या मागे रतनगड उभा आहे आणि समोर भंडारदऱ्याचे पाणी पसरलेले आहे. या पाण्याच्या काठाला, भाताची खाचरे रिकामी झाली की गावची मंडळी तंबू उभारतात. जेवण त्यांच्याच घरचे असते. नागलीची नाहीतर तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा आणि वाफाळता भात. पंचतारांकित काही नाही, पण पोट भरते आणि झोप लागते. भगिनींनो, तुमच्यासाठी यातली मोठी गोष्ट अशी की दोन रात्री चूल दुसऱ्याची असते आणि ताट तुमच्यापुढे येते. ज्यांना तंबूत राहणे जमणार नाही, त्यांच्यासाठी भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आणि काही खासगी लॉज आहेत.

अमृतेश्वराचे देऊळ

गावातच अमृतेश्वराचे देऊळ आहे. ते शिलाहार राजांच्या काळातले, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. काळ्या दगडात उभारलेल्या या देवळाचे शिखर मुद्दाम थांबून पाहावे. मोठ्या शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत गेल्या आहेत. आतले खांब आणि छतही कोरीव आहे. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरते आणि पिंडी पाण्याखाली जाते. जवळच दगडी बांधणीची चौकोनी पुष्करणी आहे. तिच्या भिंतींत देवांच्या मूर्तींसाठी कोनाडे केलेले आहेत. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते. इतर दिवशी मात्र देवळात चिटपाखरू नसते. घरातील वयस्क मंडळींना गड चढवत नसेल, तर त्यांनी सकाळचा वेळ या देवळात घालवावा. मांडी घालून निवांत बसता येईल, इतकी शांतता येथे मिळते.

हे देऊळ संरक्षित स्मारक आहे. कोरीव दगडाला हळदकुंकू, तेल, शेंदूर लावू नये, नारळ त्यावर फोडू नये. हजार वर्षे ऊन-पाऊस सोसलेला दगड आपल्या हातून झिजायला नको.

रतनगडची वाट

रतनगडाची उंची १,२९७ मीटर आहे. रतनवाडीतून वर जायला सवयीच्या माणसाला तीन तास लागतात, मुलाबाळांसह चार तास धरावेत. आरंभी वाट प्रवरेच्या ओढ्याला धरून, पुन्हा पुन्हा तो ओलांडत जाते. मग दाट जंगल लागते आणि शेवटी कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या. शिड्या चढून गेल्यावर दरवाजा आणि पुढे रत्नादेवीची गुहा येते. माथ्यावर खडकाला आरपार पडलेले एक मोठे भोक आहे, त्याला नेढे म्हणतात. सुईच्या नेढ्यासारखे दिसते म्हणून ते नाव. नेढ्यात बसले की वारा अंगावर येतो आणि डोळ्यांसमोर कळसूबाई, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि खाली धरणाचे पाणी दिसते. पश्चिमेला कडा तुटून थेट कोकण सुरू होते.

सकाळी सहाला निघावे आणि उन्हे कलण्यापूर्वी परत यावे. वाटाड्या गावातलाच घ्यावा. जंगलात वाटा फुटतात आणि त्यातली कोणती ढोरवाट आहे हे आपल्याला कळत नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी आणि गूळ-शेंगदाणे बरोबर असावेत. ज्याला उंचीची भीती वाटते किंवा गुडघा दुखतो, त्याने शिड्यांच्या पायथ्याशी थांबावे. त्यात कमीपणा नाही.

दुसऱ्या दिवशी तरुण मंडळींना कळसूबाई करता येईल. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर आहे. बारी गावातून वाट चढते. अवघड जागी शिड्या आहेत आणि माथ्यावर देवीचे छोटे देऊळ आहे. नवरात्रात येथे यात्रा असते. नऊवारी नेसलेल्या आजीबाई हा डोंगर चढताना पाहिल्या की आपल्या दमण्याची लाज वाटते.

आपल्या पाटाचे पाणी येथून येते

आता शेतकऱ्याच्या नजरेने पाहू. प्रवरा नदी रतनगडाच्या अंगावर उगम पावते. रतनवाडीत ती एका ढांगेत ओलांडावी एवढी आहे. हीच नदी पुढे अकोले, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नेवासे भागांतील शेती भिजवते आणि सुमारे दोनशे किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला मिळते. तिच्याच काठी नेवाशाला इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्याच पाण्यावर वाढलेल्या उसाच्या आधाराने १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले.

हे पाणी अडवणारे भंडारदरा धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. धरणाची साठवण सुमारे ११ अब्ज घनफूट आहे. या डोंगरात पाऊस किती पडतो? जवळच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत पाचशे-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. म्हणजे येथे पडतो त्याच्या एक-दशांश पाण्यावर तिकडचा शेतकरी ज्वारी-बाजरी पिकवतो. मुलांना हे शाळेच्या पुस्तकात वाचून कळणार नाही. उगमाशी उभे केले की पाटाच्या एका पाळीची किंमत कळते.

आणि दुसरी बाजूही पाहा. एवढा पाऊस पडूनही, उतारावरून पाणी वाहून जात असल्याने येथल्या आदिवासी शेतकऱ्याला फाल्गुन-चैत्रात हंड्यासाठी चालावे लागते. खालच्या बागायतीला पाणी देणाऱ्या डोंगराची ही अवस्था आपण ध्यानात ठेवावी.

डोंगरातली शेती

येथे बहुतांश महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. खाचरात भात, उतारावर नागली, वरई आणि खुरासणी ही पिके. आश्विनात खुरासणी फुलली की सगळे उतार पिवळेधमक होतात. रानात हिरडा वेचून विकणे हा जोडधंदा. यजमानाशी बसून बोला. भाताची रोपे टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजण्याची राबाची रीत ते कशी करतात, बी कसे राखतात, हे विचारा.

याच अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी भात, भाज्या, कडधान्ये यांचे गावरान वाण जपून बियाण्याची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या शेतकरी बाईचा हा मान आहे. आपल्या घरातली म्हातारी मडक्यात राखेत घालून वालाचे बी ठेवते, तिच्याकडे यापुढे जरा आदराने पाहावे.

केव्हा जावे?

भात कापून झाल्यावर, म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ कुटुंबासाठी उत्तम. रब्बीची पेरणी उरकलेली असते, आकाश मोकळे असते, वाटा कोरड्या असतात. थंडी मात्र कडक असते. मे अखेरीस आणि पहिल्या पावसाच्या आधी येथल्या झाडांवर हजारो काजवे चमकतात. तो देखावा सुंदर आहे, पण त्या दिवसांत गर्दी होते. काजव्यांवर बॅटरी मारू नये आणि गवत तुडवू नये, कारण त्यांची वीण जमिनीवरच वाढते. भर पावसात तंबूचा मुक्काम आणि गडाच्या शिड्या दोन्ही टाळावे.

जाण्याआधी घरची व्यवस्था लावावी. धारा काढायला आणि वैरण-पाण्याला शेजाऱ्याला सांगावे. पुढल्या महिन्यात तो निघाला की तुम्ही त्याची गुरे पाहावी. सावड जशी पेरणीला चालते, तशी विसाव्यालाही चालावी.

हे ध्यानात ठेवा

१. माणशी दोन पांघरुणे, कानटोपी, बॅटरी आणि पायांत बूट असावेत. सकाळी बूट झटकूनच घालावेत, विंचू बसलेला असतो.

२. थंडी कितीही असली तरी तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवू नयेत. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

३. जलाशयात पोहायला उतरू नये. विहिरीत पोहणाऱ्यालाही येथला गाळ आणि अचानक वाढणारी खोली कळत नाही.

४. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. ते १९८६ साली घोषित झाले. वनखात्याचे प्रवेशशुल्क भरून पावती घ्यावी. झाड तोडू नये, गवताजवळ जाळ करू नये.

५. तंबूचा दर, जेवण, शौचालयाची सोय आणि आंघोळीचे पाणी हे सर्व आधी बोलून घ्यावे. बायामाणसे बरोबर असतील तर शौचालयाची चौकशी पहिली करावी.

६. प्लास्टिकची पिशवी, बाटली आपल्या पिशवीतून परत आणावी. येथे टाकलेला कचरा पहिल्या पावसात धरणात जातो आणि ते पाणी पुढे कोणाच्या तरी पिण्यात येते. खाली राहणाऱ्यांच्या तर आपल्याच.

यजमानाचा मान राखा

शेवटची गोष्ट महत्त्वाची. पूर्वी भात झाल्यावर या गावांतील जोडपी मजुरीसाठी नारायणगाव, ओतूर, नाशिककडे उतरत असत. अजूनही अनेक उतरतात. ज्यांच्याकडे पाच-सहा तंबू आहेत, त्यांचे हिवाळ्याचे चार महिने आता घरी जातात, मुलांची शाळा सुटत नाही. ही मिळकत शांततेवर उभी आहे. मोठ्याने गाणी लावणारे, दारू पिऊन गोंधळ घालणारे येऊ लागले की कुटुंबे येणे बंद होतात. मग धंदा हळूहळू बाहेरच्या पैसेवाल्याच्या हातात जातो आणि जमिनीचा मालक त्याच्याच खाचरात वाढप्या होतो. म्हणून मुक्काम शक्यतो गावातल्या शेतकऱ्याकडेच करावा आणि पैसे त्याच्याच हातात द्यावेत. तो तुमच्यासारखाच शेतकरी आहे. दर पाडून घेण्याची घासाघीस बाजारात करावी, पाहुणा म्हणून ताटावर बसल्यावर नव्हे.

ज्या वाचकांची स्वतःची जमीन डोंगराकडेला, देवस्थानाजवळ आहे, त्यांनी येथे आणखी एका नजरेने फिरावे. पाणी कसे पुरवतात, घरची माणसे कामे कशी वाटून घेतात, हंगाम नसताना काय करतात, हे टिपून आणावे. राज्य शासनाचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले असून त्यात शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. मात्र कर्ज काढून तंबू घेण्याआधी दोन रात्री दुसऱ्याच्या तंबूत काढाव्यात, हा माझा सल्ला.

कारभाऱ्यांनो, रब्बीची पेरणी आटोपली की घरात विषय काढा. कोठे जायचे हे तुम्ही ठरवा, पण केव्हा जायचे हे घरच्या लक्ष्मीला ठरवू द्या. तिची सुट्टी बरीच वर्षे थकलेली आहे.