मुकुटातला हिरा आणि पाटीतली माती

युरोपातल्या राजघराण्यांच्या जवाहिराचे एखादे चित्रमय पुस्तक शाळेत आले, की त्याभोवती मुलांचा घोळका जमायला वेळ लागत नाही. मोठी मोठी रंगीत पाने. एका पानावर मुकुट, दुसऱ्यावर राणीचा कंठा, तिसऱ्यावर रत्नजडित मुठीची तलवार. मुले विचारतात, "गुरुजी, याची किंमत किती?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच्याही आधी विचारावा असा एक प्रश्न आहे, "हा हिरा आला कुठून?" आज आपण एकच हिरा घेऊ आणि त्याचा माग काढू.

या हिऱ्याचे नाव 'रीजंट'. राजा वयात येईपर्यंत त्याच्या वतीने जो राज्य चालवतो, त्याला रीजंट म्हणतात. १७१७ साली फ्रान्सचा राजा पंधरावा लुई हा सात वर्षांचा पोर होता. त्याचा कारभार पाहणारा ऑर्लेआंचा ड्यूक फिलीप याने हा हिरा विकत घेतला, म्हणून हे नाव पडले. १७२२ साली लुईला राज्याभिषेक झाला, तेव्हा हिरा त्याच्या मुकुटात चढला.

आता थोडे मागे जाऊ. ड्यूकला हिरा विकला तो टॉमस पिट या इंग्रजाने. पिट हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याने तो एका भारतीय व्यापाऱ्याकडून घेतला होता. त्या व्यापाऱ्याकडे तो आला कोल्लूरच्या खाणीतून. हे कोल्लूर कुठे? आंध्रात, कृष्णेच्या काठी. होय, तीच आपली कृष्णा! महाबळेश्वरी उगम पावून वाई, कऱ्हाड, सांगली करीत जी पुढे जाते, तीच. लोक 'गोवळकोंड्याचे हिरे' म्हणतात खरे, पण गोवळकोंडा ही राजधानी आणि बाजारपेठ. हिरे निघत ते कृष्णेच्या खोऱ्यातल्या मातीत. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाच्या बाजारातले बहुतेक हिरे भारतातूनच जात असत.

तिथे काम कसे चाले? ताव्हेर्निये नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात ही खाण पाहून गेला. त्याचे प्रवासवर्णन १६७६ साली छापले गेले. तो लिहितो, की इथे बाया, पुरुष आणि मुले धरून साठ हजारांच्या आसपास माणसे राबत होती. पुरुष खणत, बाया आणि मुले माती वाहत. कमरेच्याही खाली राहतील अशा भिंती घालून एक आवार करीत, त्यात माती टाकून वर पाणी ओतीत. चिखल झाला की पाणी सोडून देत. उरलेली रेती उन्हात वाळवीत आणि टोपल्यांतून पाखडीत. ढेकळे राहिली तर लाकडी मुसळांनी कुटून पुन्हा पाखडीत. मग सर्वांनी ओळीने बसून डोळ्यांनी हिरा शोधायचा. खळ्यावर धान्य वारवणाऱ्याला यातले काही नवे वाटायचे नाही, नाही का? फरक इतकाच, की खळ्यावर रास दिसते. इथे दिवसच्या दिवस नुसती माती.

रीजंट हिरा मिळाला तो १६९८ च्या सुमारास. तेव्हा त्याचे वजन सुमारे ४१० कॅरट होते. कॅरट म्हणजे एका ग्रॅमचा पाचवा भाग. म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ सात तोळे झाले. लंडनमध्ये त्याला पैलू पाडायला सुमारे दोन वर्षे लागली आणि हाती राहिला १४०.६४ कॅरटचा हिरा, अडीच तोळ्यांनाही थोडा कमीच. निम्म्याहून अधिक दगड छाटला गेला, तेव्हा कुठे तो झळाळी आली. पैलू नीट पडले की आत शिरलेला प्रकाश आतल्या आत परतून डोळ्यांकडे येतो. सारी चमक ती हीच.

पुढची कथाही ऐकण्याजोगी आहे. राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, तो इतर जवाहिराबरोबर चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी सापडला. मग सरकारला लढायांसाठी पैसा कमी पडला, तेव्हा तो चक्क गहाण पडला! बी-भरणासाठी घरातली पाटली सावकाराकडे जाते ना, अगदी तसा. नेपोलियनने तो सोडवून आपल्या तलवारीच्या मुठीत बसवला. १८८७ साली फ्रान्सच्या प्रजासत्ताकाने राजघराण्याचे बरेचसे जवाहीर लिलावात विकून टाकले, पण हा हिरा मात्र राखून लूव्र संग्रहालयात ठेवला. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच संग्रहालयात भरदिवसा चोरी होऊन मौल्यवान दागिने गेले. रीजंट मात्र बचावला.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. राजांचे सारेच जवाहीर लुटीचे, असे मुलांना सांगू नये. कोहिनूर १८४९ साली दुलीपसिंग या अल्पवयीन महाराजाकडून तहाच्या कलमाने काढून घेतला गेला. रीजंट मात्र पैसे मोजून घेतलेला आहे. पण घेतला काय नि हिसकावला काय, एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच. हिऱ्याला पिटचे नाव मिळाले, मग रीजंटचे मिळाले. ज्या हाताने तो मातीतून उचलला, त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आणि कोल्लूरच्या त्या खाणीही आता राहिल्या नाहीत. पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली त्या गेल्या. धरणाखाली गाव जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडल्या पुष्कळांना सांगायला नको.

तेव्हा गुरुजी, असे पुस्तक वर्गात उघडाल तेव्हा फळ्यावर तीन रकाने आखा : खणले कोणी, घडवले कोणी, मिरवले कोणी. शेजारी नकाशा लावा आणि महाबळेश्वरापासून कृष्णेवर बोट फिरवायला एखाद्या मुलीला सांगा. तिसरा रकाना पुस्तकातून भराभर भरेल. पहिला रिकामा राहील. तो पुसू नका. तो रिकामा का राहिला, एवढेच मुलांना विचारा आणि त्यांना बोलू द्या.