बोट वाचवायची की खलाशी? संकटातली मदत कशी वाटावी



१ जूनची बंदी जवळ आली की दोन तक्रारी ऐकू येतात. खलाशी म्हणतात, सवलती सगळ्या बोटवाल्यांना. मालक म्हणतात, आम्ही कर्जात बुडालो, आम्हाला कोण बघतो? दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. मदत कुठल्या वाटेने येते आणि कुणापर्यंत पोचते, हे समजलं तर अर्धं भांडण तिथेच मिटेल. त्यासाठी २०२० चा लॉकडाऊन आठवून बघूया.

मालकाला काय मिळालं?
रिझर्व्ह बँकेने मार्चपासूनचे कर्जाचे हप्ते आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली. पण हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. समजा बोटीवर १० लाखांचं कर्ज आहे, व्याज वर्षाला १२ टक्के. म्हणजे महिन्याला १० हजार, सहा महिन्यांत साधारण ६० हजार डोक्यावर चढले. नंतर सरकारने २ कोटींपर्यंतच्या कर्जांवर फक्त व्याजावरचं व्याज भरून दिलं. मूळ व्याज ज्याचं त्यालाच भरावं लागलं. मे महिन्यात छोट्या उद्योगांसाठी ३ लाख कोटींची हमी योजना आली. जुन्या शिल्लक कर्जाच्या २० टक्के नवीन कर्ज, तारण नको, हमी सरकारची. पण तेही कर्जच.

ज्या रापणकाराचं, छोट्या होडीवाल्याचं बँकेत कर्जच नाही, त्याला यातलं काहीच लागू नाही. आपल्या गोव्यात डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मिळतो, पण तो डिझेल जाळलं तर. जेटीला बांधलेल्या बोटीला परतावा कसला?

खलाशाला काय मिळालं?
रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट, आणि बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये. १०० पर्यंत कामगार असलेल्या ज्या आस्थापनांत बहुतेकांचा पगार १५ हजारांच्या आत होता, तिथला पीएफ सहा महिने सरकारने भरला. पण आपल्या खलाशाचा पीएफ असतो कुठे? आणि त्याचं रेशनकार्ड ओडिशा, झारखंडातल्या गावी, माणूस मात्र इथे जेटीवर.

गाठ कुठे सुटली?
२९ मार्चला केंद्राने आदेश काढला, काम बंद असलं तरी कामगारांना पूर्ण पगार द्या. पण त्यासाठी मालकाला वेगळा पैसा दिला नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८ मेपासून तो आदेशही गेला. मग हमीचं कर्ज आलं, तेव्हा घेणाऱ्याने कामगाराला पगार दिला की नाही, ही अटच नव्हती. एकीकडे पैशाविना जबाबदारी, दुसरीकडे जबाबदारीविना पैसा.

ब्रिटनने पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत, महिना २५०० पौंडांच्या मर्यादेत, रक्कम मालकाच्या हातून पण कामगारासाठी दिली. अमेरिकेत छोट्या धंद्यांचं कर्ज माफ झालं, पण त्यातला मोठा भाग पगारावर खर्च केला तरच. आधी ७५ टक्क्यांची अट होती, मग ६० टक्के केली. त्यांच्याएवढा पैसा आपल्याकडे नाही. पण मालकाची मदत आणि कामगाराचा पगार एका दोरीला बांधायचा, हे शिकायला पैसा लागत नाही.

दोरी नसली की काय होतं ते आपण बघितलं. १० एप्रिललाच मासेमारीला परवानगी मिळाली होती. पण हॉटेलं बंद, बाजार मंद. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तसे खलाशी गावी गेले. १ ऑगस्टला हंगाम उघडला तेव्हा कितीतरी ट्रॉलर माणसांविना जेटीलाच राहिले. खलाशांना आणायला मालकांना गाड्या पाठवाव्या लागल्या. एप्रिलात खलाशाचं पोट रिकामं राहिलं, ऑगस्टात मालकाचा बर्फाचा खण.

आता आपण काय करायचं?

१) प्रत्येक मालकाने आपल्या खलाशांची यादी संस्थेत द्यावी: नाव, बँक पासबुक, रेशनकार्ड. एक देश एक रेशनकार्ड जून २०२२ पर्यंत सगळ्या राज्यांत लागू झालं. गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं, फक्त आधार जोडलेलं पाहिजे.

२) मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या काळासाठी मच्छिमाराचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून ४५०० रुपये तीन महिन्यांत मिळायची सोय आहे. महिन्याला १५००. त्यात घर चालत नाही, पण हक्काचं सोडू नये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आल्यास ५ लाखांचा विमाही त्यातच आहे.

३) खेळत्या पैशासाठी किसान क्रेडिट कार्ड घ्या. २ लाखांपर्यंतचं कर्ज वेळेवर फेडलं तर व्याज ४ टक्के पडतं. ज्याच्याकडून उचल घेतली त्यालाच तो म्हणेल त्या भावाने मासळी घालायची, यापेक्षा हे बरं.

४) संस्थेच्या मदतनिधीबद्दल येत्या सभेत ठराव मांडतो आहे. निधीचे दोन भाग करायचे. खलाशाचा भाग थेट त्याच्या खात्यात जाईल. मालकाचा भाग खलाशाचा मागचा हिशेब चुकता केल्यावर मिळेल. आणि ज्या खलाशाने मालकाकडून उचल घेतली, त्याने ऑगस्टात त्याच बोटीवर यायचं किंवा उचल परत करायची. जो मालक स्वतःच होडी घेऊन समुद्रात जातो, त्याला दोन्ही भागांत धरावं, असं माझं मत आहे.

ठराव पटला नाही तर सभेत येऊन सांगा, जेटीवर नको. मासे विकणाऱ्या आपल्या भगिनींनीही यावं. बंदीत पहिली चूल त्यांचीच थंड होते. कागदपत्रांसाठी सकाळी लिलाव झाल्यावर कार्यालयात या, अर्ज भरून देतो.

आपला,
सचिव