चावला नाही, तरी भाजलं!

जुलैतली रात्र. बाहेर धो धो पाऊस, डोक्यावर डेडलाइन आणि बालेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडी टाकून मी लॅपटॉपला चिकटलेली. मानेवर काहीतरी वळवळलं. न बघताच चापट मारली, बोटांनी पुसून टाकलं आणि पुन्हा कामाला. डास असेल, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान चुरचुरायला लागली. तिसऱ्या दिवशी आरशात बघते तर कानाखाली लालभडक पट्टा आणि त्यावर बारीक फोड! रूमी म्हणाली, "स्ट्रेटनरचा चटका बसला का गं?" आईने व्हॉट्सॲपवर फोटो बघून निकालच दिला, "नागीण आहे. आधी घरी ये." नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस संपतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. मास कॉमची डिग्री राहिली बाजूला, रात्रभर मी टोकं तपासत बसले!

स्किनच्या डॉक्टरांनी पट्टा बघून विचारलं, "रात्री लाइटजवळ काही चिरडलं होतं का?"

घरी येऊन टेबल लॅम्पखाली शोधलं, तर महाशय हजर. जेमतेम एक सेंटिमीटर लांब, मुंगीसारखा सडपातळ. डोकं काळं, मान केशरी, मग निळसर चमकते तोकडे पंख, पुन्हा केशरी आणि शेवटी काळं टोक. नाव पिडेरस. हा भुंगेऱ्यांच्या जातीतला. याच्या आफ्रिकेतल्या भावंडांना 'नैरोबी फ्लाय' म्हणतात, पण ही माशी नव्हेच.

गंमत म्हणजे हा चावत नाही, डंखही मारत नाही. त्याच्या अंगात पिडेरिन नावाचं विष असतं. आपण त्याला चिरडतो आणि ते स्वतःच्याच हाताने कातडीवर फासतो! बोटं फिरतील तसा पट्टा उठतो. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा सुजतो. आणि हे सगळं साधारण 12 ते 48 तासांनी, त्यामुळे किड्यावर संशयच जात नाही.

नागिणीचं काय? टोकं जुळून कुणी मरत नाही. पण खरंच नागीण असेल, तर पहिल्या 72 तासांत औषध सुरू झालेलं बरं. म्हणून निदान आईकडून नको, डॉक्टरांकडून घ्या!

शेतात हा पिडेरस मावा आणि तुडतुडे फस्त करतो, म्हणजे शेतकऱ्याचा दोस्तच. पावसाळ्यात दिव्याला भुलून आपल्याकडे येतो, इतकंच. तेव्हा अंधार पडायच्या आत खिडक्या लावा किंवा जाळी बसवा. झोपण्याआधी उशी-चादर झटका. अंगावर बसलाच, तर फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडला गेला, तर लगेच साबण-पाण्याने धुवा.

माझा पट्टा दोन आठवड्यांत गेला, डाग जरा रेंगाळला. परवा पुन्हा एक पाहुणा मनगटावर उतरला. सवयीने हात उचलला... आणि फुंकर मारली.

आईच्या मते मात्र ती नागीणच होती!