माळ्यावर सापडलेलं धातूचं विमान : घासू नका, आधी उलटं करा

माळा आवरताना जुनं खेळण्यातलं विमान हाती लागलं की घरात पहिली सूचना येते, ‘चिंच लावून घास, लख्ख होईल.’ तांब्या-पितळेची सवय, दुसरं काय! पण ही ओतीव विमानं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात आणि आम्ल जस्ताला खातं. लिंबू, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर यातलं काहीही त्यावर नको.

ओळखायचं कसं?

विमानाचा जन्मदाखला पंखाखाली कोरलेला असतो. ‘डिंकी टॉईज’, ‘मेकॅनो लिमिटेड’ ही अक्षरं दिसली तर ते बहुतेक लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यातलं. डिंकीची विमानं १९३४ पासून निघाली आणि १९७९ मध्ये तो कारखाना बंद पडला. मॅचबॉक्सची ‘स्कायबस्टर्स’ मालिका १९७३ पासूनची. ‘निकी टॉईज’ असेल तर नाक मुरडू नका. ती कोलकात्यात, डिंकीच्याच जुन्या साच्यांतून निघालेली खेळणी आहेत.

अक्षरं पुसली असतील तर रंग उडालेली कडा कागदावर ओढून पाहा. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर धातूत शिसं असण्याची दाट शक्यता. असं विमान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा.

जस्ताची कीड

खरा धोका वेगळाच आहे. ओतताना जस्तात शिशाचा नाममात्र अंश जरी मिसळला, तरी काही वर्षांनी धातूच्या कणांमधल्या सांध्यांत गंज शिरतो. आधी बारीक चिरा पडतात, मग भाग फुगतो, पंख वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुकडा पडतो. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या खेळण्यांत हे जास्त दिसतं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारित मिश्रधातू आणला, तेव्हा यावर उपाय निघाला. पण शुद्धता कारखान्यातही पाळावी लागते, आणि खेळण्यांच्या बाबतीत ती नेहमी पाळली गेली नाही.

या किडीवर औषध नाही. ती शेजारच्या विमानाला लागत नाही, एवढाच दिलासा. दमट उबेत ती झपाट्याने वाढते, म्हणून कोकणातल्या पावसाळ्यात असं विमान सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. चिरा दिसल्या तर वाकलेला पंख सरळ करायला जाऊ नका. फोटो काढून ठेवा, तेच हाती राहील.

रंग द्यावा का?

धातू निरोगी असेल तरी माझं मत ‘शक्यतो नाही’ असंच आहे. टवके उडालेल्या मूळ रंगाला संग्राहक चकचकीत नव्या रंगापेक्षा जास्त किंमत देतात. कोमट साबणपाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो. चिकटवलेली चिन्हं मात्र भिजवू नका.

रंग जवळजवळ गेलेलाच असेल, मॉडेल सर्रास मिळणारं असेल, तर खुशाल हात घाला. कॉस्टिक सोडा टाळा, तोही जस्ताला खातो. दुकानात मिळणारं पेंट रिमूव्हर हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून वापरा. कोरडा पॉलिश पेपर नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं. मग जस्ताला चालणारा प्रायमर आणि त्यावर रंगाचे पातळ हात. तुटलेल्या पंख्यांच्या जागी बसणारे नवे सुटे भाग ऑनलाइन मिळतात. पुढेमागे विकायचं ठरलं, तर रंग नवा आहे हे घेणाऱ्याला आधीच सांगा.