उतारवयातील पोहणे आणि कंबरदुखी

वयाची साठी उलटल्यावरही नेमाने पोहणाऱ्या माणसाची कंबर दुखू लागली, की त्याला परस्परविरुद्ध सल्ले मिळू लागतात. पाठीला पोहण्याइतका हितकर व्यायाम दुसरा नाही, असे कोणी सांगतो. कोणी पोहणे ताबडतोब थांबवण्यास बजावतो. दोन्ही सल्ल्यांत सत्याचा अंश आहे. पाणी कण्यावरचा भार हलका करते. कण्याचा बाक मात्र पोहणाऱ्याच्या शरीरस्थितीवर अवलंबून राहतो. हा भेद ध्यानात घेतल्यास बहुतेकांना पाणी सोडावे लागत नाही, पोहण्याची रीत तेवढी बदलावी लागते.

कमरेच्या भागात पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये कूर्चेची चकती असून तिचा गाभा मऊ व जलयुक्त असतो. वयोमानानुसार या गाभ्यातील पाण्याचे प्रमाण घटते, चकती चपटी होते आणि मणक्यांच्या मागील बाजूच्या लहान सांध्यांवर अधिक ताण येतो. काहींच्या बाबतीत मज्जातंतूंना सामावणारी कण्यातील पोकळीही अरुंद होते. मात्र असे बदल, कंबर मुळीच न दुखणाऱ्या अनेक वृद्धांमध्येही आढळतात. तेव्हा केवळ क्ष-किरण चित्र पाहून धास्तावण्याचे कारण नाही.

पाण्यात बुडालेल्या वस्तूला पाणी वर उचलून धरते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत सर्वपरिचित आहे. कमरेइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा सुमारे निम्माच भार येतो. गळ्यापर्यंतच्या पाण्यात तो एक-दशांशाच्या आसपास उतरतो. जमिनीवर पावलागणिक कण्हणारा मनुष्य पाण्यात सहज चालू शकतो तो यामुळेच.

आडवे होऊन पोहताना परिस्थिती बदलते. हवेने भरलेली फुप्फुसे छातीला तरंगत ठेवतात, तर पाय खाली जाऊ पाहतात. डोके वर उचलले की पाय आणखी बुडतात आणि कमरेचा बाक वाढतो. विहिरीत किंवा नदीत पोहण्यास शिकलेल्या अनेकांना डोके सतत पाण्याबाहेर ठेवण्याची सवय असते. तारुण्यात निरुपद्रवी वाटलेली ही सवय उतारवयात कंबरेला जाचते. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय या प्रकारांत तर छाती उचलताना कंबर पुनःपुन्हा मागे वाकते. २५ मीटरच्या तलावात २० फेऱ्या मारणारा मनुष्य एका फेरीत १५ वेळा हात मारीत असेल, तर ही क्रिया ३०० वेळा घडते. कण्यातील पोकळी अरुंद झालेल्यांना ती विशेष त्रासदायक ठरते.

अशा वेळी फ्रीस्टाइल किंवा बॅकस्ट्रोक अधिक सोयीचा. फ्रीस्टाइलमध्ये नजर तळाकडे असावी. श्वासासाठी डोके उचलू नये, तर खांदे व कंबर एकत्र कुशीवर वळवून तोंड बाजूला आणावे. लाकडी किंवा फोमची फळी पुढे धरून, मान वर काढून पाय मारण्यानेही बाक वाढतो. पुढे वाकल्यावर ज्यांची कळ वाढते, त्यांनी भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळण्याऐवजी हात टेकवून वळावे. तलावातून बाहेर येताना काठावर जोर देऊन उसळी घेण्यापेक्षा शिडी वापरणे श्रेयस्कर.

कंबर धरली की अंथरूण धरावे, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सात दिवसांच्या विश्रांतीची तुलना दोन दिवसांच्या विश्रांतीशी करण्यात आली. दोन दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले आणि त्यांचे इतर कोणतेही नुकसान झाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली. कंबरपट्टे व वजन लावून कणा ताणणे यांना मात्र नेहमीच्या उपचारांत स्थान दिले नाही. म्हणून तीव्र कळ ओसरताच छातीइतक्या पाण्यात चालण्यापासून आरंभ करावा. मग दोन-चार फेऱ्या माराव्यात आणि दुसऱ्या दिवशी दुखणे न वाढल्यास त्या हळूहळू वाढवाव्यात. पाण्यात हाडांवर भार पडत नसल्याने हाडांच्या बळकटीसाठी जमिनीवर चालणे आणि पोट व नितंबांच्या स्नायूंचे व्यायाम यांचीही जोड हवी.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करता कामा नये. लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, जांघा व गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर होणे, पायांतील शक्ती घटत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, अकारण वजन घटणे, पूर्वी झालेला कर्करोग किंवा पडल्यानंतर सुरू झालेली वेदना असेल, तर आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि मगच पाण्यात उतरावे.

इतरांनी मात्र वेदनेच्या भयाने वर्षानुवर्षांचा नेम मोडू नये. फेऱ्या कमी होतील, वेग मंदावेल. परंतु हालचाल थांबल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे कंबरेचे दुखणे अधिकच बळावते.